एकसष्टाचें कोडें

साठ या संख्येला एखाद्या वर्गानें गुणावें, त्यांत एक मिळवावा, आणि येणारी संख्या पुन्हां पूर्ण वर्गच असावी, असा वर्ग शोधण्यास सांगितलें तर शाळेंतला हुशार मुलगा तो घटकाभरांत शोधून काढील. चारांचा वर्ग १६; साठ सोळे ९६०; त्यांत १ मिळवितां ९६१, आणि हा ३१ चा वर्ग. बासष्टाला हेंच करावयाचें असेल तर आठांनीं काम भागतें. आठांचा वर्ग ६४, त्याला ६२ नीं गुणून ३९६८, एक मिळवून ३९६९, आणि हा ६३ चा वर्ग. त्रेसष्टाला तर कांहींच खटपट नको. एकाचा वर्ग एक. ६३ आणि १ मिळून ६४, म्हणजे आठांचा वर्ग. आतां साठ आणि बासष्ट यांच्या मधोमध बसलेला एकसष्ट घ्यावा. दोन्ही शेजाऱ्यांचीं उत्तरें बोटांवर मोजण्यासारखीं, तेव्हां याचेंहि तसेंच असेल असें कोणालाहि वाटावें. मुलगा एकापासून आरंभ करील, शंभरापर्यंत जाईल, चिकाटीचा असेल तर हजारापर्यंत जाईल, आणि शेवटीं पाटी खालीं ठेवील.

एकसष्टाचें सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हें आहे. बावीस कोटी एकसष्ट लक्ष त्रेपन्न हजार नऊशें ऐंशी. या संख्येचा वर्ग ६१ नीं गुणून त्यांत एक मिळविला म्हणजे १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग होतो. दोन्ही बाजूंस एकोणीस अंकी संख्या उभ्या राहतात, आणि त्यांच्यांत अंतर काय तें एकाचें. एखाद्यानें एकापासून ओळीनें एकेक संख्या तपासावयाचें ठरविलें, दर मिनिटास एक संख्या हातावेगळी केली, झोंप, जेवण आणि सणवार वर्ज्य केले, तरी त्याला या उत्तरापाशीं पोंचावयास सुमारें चारशें तीस वर्षें लागतील. एकापासून शंभरापर्यंत अशी दुसरी संख्या नाहीं कीं जिचें उत्तर एकसष्टाच्या उत्तराएवढें मोठें आहे. त्याच्याहून मोठें उत्तर प्रथम येतें तें १०९ या संख्येला.

हें उत्तर इ. स. ११५० मध्यें एका संस्कृत ग्रंथांत आलेलें आहे. तो ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांचें ‘बीजगणित’.

भास्कराचार्यांनीं आपला काळ आपणच लिहून ठेवला आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या अखेरीस ते सांगतात कीं, आपला जन्म शके १०३६ मध्यें झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं हा ग्रंथ रचला. म्हणजे जन्म इ. स. १११४ चा आणि ग्रंथ ११५० चा. पित्याचें नांव महेश्वर, गोत्र शांडिल्य, आणि गांव सह्याद्रीच्या आश्रयानें वसलेलें विज्जडविड. या गांवाच्या जागेविषयीं विद्वानांत वाद झाले आहेत. पण गांव सह्याद्रीच्या सान्निध्यांतलें हें खुद्द ग्रंथकाराचेंच सांगणें आहे. त्यांच्या ‘लीलावती’ची कीर्ति घरोघर आहे. विवाहाचें घटिकापात्र, त्यांत पडलेला मोतीं, टळलेला मुहूर्त, ही गोष्ट लहानमोठ्यांस पाठ आहे. ती भास्कराचार्यांच्या कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. अकबराच्या दरबारांतील फैजीनें इ. स. १५८७ मध्यें ‘लीलावती’चें फारसी भाषांतर केलें, त्याच्या प्रस्तावनेंतून ती पसरली. मुलीची कहाणी सर्वतोमुखीं झाली आणि वडिलांनीं मांडलेलें एकसष्टाचें कोडें पोथींतच राहिलें, याचें वाईट वाटल्यावांचून राहत नाहीं.

‘बीजगणितां’त हा प्रश्न एका श्लोकांत विचारलेला आहे, आणि त्यांत ६७ आणि ६१ या दोन संख्या जोडीनें घातल्या आहेत. विद्यार्थ्याला मित्र म्हणून हांक मारून आचार्य विचारतात कीं, सदुसष्टांनीं गुणिलेला कोणता वर्ग एक मिळवितां वर्ग होतो, आणि एकसष्टांनीं गुणिलेला कोणता होतो? सदुसष्टाचें उत्तर ५,९६७ आहे. त्याचा वर्ग ६७ नीं गुणून एक मिळविला कीं ४८,८४२ चा वर्ग होतो. तेंहि लहान नव्हे, पण एकसष्टापुढें तें कांहींच नव्हे. या जोडीवरूनच एक गोष्ट ध्यानांत यावी. शंभराच्या आंतल्या सर्व संख्यांत जी सर्वांत अवघड, नेमकी तीच आचार्यांनीं शिष्यापुढें टाकली आहे. अशी निवड अंधारांत दगड मारून होत नाहीं. ज्याच्या हातीं खात्रीची रीत आहे आणि जो त्या रीतीची परीक्षा पाहत आहे, तोच हा प्रश्न घालील.

या जातीच्या प्रश्नांना आपल्याकडे ‘वर्गप्रकृति’ असें नांव आहे. गुणणारी संख्या, म्हणजे येथें ६१, ही ‘प्रकृति’. ज्याचा वर्ग करून गुणावयाचें तें ‘कनिष्ठ’ मूळ. शेवटीं ज्याचा वर्ग मिळतो तें ‘ज्येष्ठ’ मूळ. आणि मध्यें जी संख्या मिळवावयाची किंवा वजा करावयाची ती ‘क्षेप’. क्षेप एक असेल तर प्रश्न सुटला. क्षेप दुसरा कांहीं आला, तरी तो टाकून द्यावयाचा नसतो, हीच या शास्त्राची सारी गोम आहे.

ती गोम प्रथम सांगितली ब्रह्मगुप्तानें. भिल्लमाल येथील हा ज्योतिषी, म्हणजे हल्लींच्या राजस्थानांतील भीनमाळचा. शके ५५०, म्हणजे इ. स. ६२८ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं त्यानें ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. त्यांत त्यानें दाखविलें कीं, एकाच प्रकृतीचीं दोन अपुरीं उत्तरें हातीं असलीं तर त्यांच्या मिलाफानें तिसरें उत्तर तयार करतां येतें. एका जोडीचें कनिष्ठ दुसरीच्या ज्येष्ठानें गुणावें, दुसरीचें कनिष्ठ पहिलीच्या ज्येष्ठानें गुणावें, आणि दोहोंची बेरीज घ्यावी. हें नवें कनिष्ठ. या आडव्यातिडव्या गुणाकाराला ‘वज्राभ्यास’ म्हणतात. मग दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीनें गुणून त्यांत दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार मिळवावा. हें नवें ज्येष्ठ. आणि दोन क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. या क्रियेला ‘भावना’ असें सुंदर नांव आहे. एक जोडी तिच्या स्वतःशींच मिळविली तरी चालतें.

ब्रह्मगुप्तानें स्वतः घातलेलें ९२ चें उदाहरण पाहिलें म्हणजे भावनेचें बळ कळतें. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेतली तर बरें. एकाचा वर्ग ९२ नीं गुणिला तर ९२. त्यांत ८ मिळविले कीं १००, हा दहांचा वर्ग. तेव्हां कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप ८. ही जोडी स्वतःशींच मिळविली : कनिष्ठ २०, ज्येष्ठ १९२, क्षेप ६४. आतां ६४ हा आठांचा वर्ग आहे, म्हणून दोन्ही मुळांना ८ नीं भागितलें कीं क्षेप एक होतो : कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ चोवीस. अपूर्णांक आहे, चालावयाचें नाहीं. पुन्हां एकदां स्वतःशीं मिळविलें, आणि कनिष्ठ १२०, ज्येष्ठ १,१५१ असें निर्मळ पूर्णांकी उत्तर हातीं आलें. हें ज्याला एका वर्षाच्या आंत करतां येईल तो खरा गणक, असें ब्रह्मगुप्तानें म्हटलें आहे. रीत ठाऊक असलेल्याला वर्ष कशाला, पाव घटका पुरते. ज्याला ती ठाऊक नाहीं त्यालाच तें आव्हान होतें.

पण भावनेंत एक उणीव आहे. आरंभीं हातीं लागणारा क्षेप सोयीचा असेल, म्हणजे १, २ किंवा ४ असा असेल, तर ती हमखास काम करते. एरवीं ती दैवावर अवलंबून. प्रकृति ६१ असतां जवळचा वर्ग ६४, तेव्हां क्षेप ३ पडतो. भावना केली कीं ९ होतो, पुढें ८१ होतो, आणि मुळांना भाग जात नाहीं. ज्या रीतीनें गैरसोयीचा क्षेप हळूहळू सोयीचा करून घेतां येतो, तिचें नांव ‘चक्रवाल’. चाकाप्रमाणें तीच क्रिया पुन्हां पुन्हां करावयाची म्हणून चक्रवाल.

एकसष्टावर ती अशी चालते. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आतां एक असा गुणक शोधावयाचा कीं, त्यानें कनिष्ठाला गुणून ज्येष्ठ मिळविलें असतां क्षेपानें, म्हणजे तिनांनीं, निःशेष भाग जावा. आणि अशा गुणकांपैकीं तो घ्यावयाचा कीं ज्याचा वर्ग प्रकृतीच्या अधिकांत अधिक जवळ आहे. एक, चार, सात, दहा हे सारे चालणारे आहेत, कारण त्यांत ८ मिळविले तर तिनांचा भाग जातो. त्यांतल्या सातांचा वर्ग ४९ हा एकसष्टाला सर्वांत जवळ. म्हणून गुणक ७. सात आणि आठ पंधरा, भागिले तीन, पांच. हें नवें कनिष्ठ. एकोणपन्नास हे एकसष्टाहून बारांनीं कमी, बारांना तिनांनीं भागून चार. म्हणून नवा क्षेप ऋण ४. पडताळा पाहावा : पांचांचा वर्ग २५, एकसष्टपट १,५२५, त्यांतून ४ गेले १,५२१, आणि हा ३९ चा वर्ग. चाक एकदांच फिरलें आणि गैरसोयीचे तीन जाऊन सोयीचे चार आले.

यापुढचें काम ब्रह्मगुप्ताच्या भावनेचें. चार हा दोहोंचा वर्ग, म्हणून मुळें निम्मीं केलीं : कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ साडेएकोणीस, क्षेप ऋण १. ही जोडी स्वतःशीं मिळविली कीं कनिष्ठ साडेसत्त्याण्णव आणि ज्येष्ठ ७६१ व वर अर्धा. क्षेप धन १. अर्धे अजून सुटले नाहींत. हीच जोडी पुन्हां मागच्या अडीच आणि साडेएकोणीस यांच्याशीं मिळविली, तों अर्धे नाहींसे झाले : कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप ऋण १. आतां शेवटची भावना, स्वतःची स्वतःशीं. ३,८०५ आणि २९,७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी : २२,६१,५३,९८०. दोहोंपैकीं पहिल्याचा वर्ग ६१ नीं गुणून त्यांत दुसऱ्याचा वर्ग मिळवावा : १,७६,६३,१९,०४९. चाकाचा एक फेरा आणि तीन भावना. चारशें तीस वर्षांची मजुरी एका कागदाच्या पाठीवर संपली.

ही मोठी संख्या केवळ अवजड आहे असें मात्र कोणी समजूं नये. ती ज्या वाटेनें आली त्या वाटेच्या खुणा तिच्या अंगावर आहेत. तिच्यांतून एक वजा करून निम्मे केले तर २९,७१८ चा पूर्ण वर्ग मिळतो. तिच्यांत एक मिळवून निम्मे केले तर ३,८०५ च्या वर्गाची बरोबर एकसष्टपट मिळते. म्हणजे मागच्या पायरीचीं दोन्ही मुळें तिच्या डाव्या आणि उजव्या कुशींत लपलेलीं आहेत. आणखी खोल गेलें तर गंमत वाढते. वरच्या कृतींत ७६१ वर अर्धा अशी एक संख्या येऊन गेली. तिच्या अलीकडचा पूर्णांक ७६१ आणि पलीकडचा ७६२. आतां ३,८०५ म्हणजे ७६१ ची पांचपट, आणि २९,७१८ म्हणजे ७६२ ची एकोणचाळीसपट. चाक फिरल्यावर आलेले पांच आणि एकोणचाळीस ते हेच. दोहोंची बेरीज, ७६१ आणि ७६२ मिळून, १,५२३. आणि या १,५२३ नीं आपल्या मोठ्या संख्येला निःशेष भाग जातो. भागाकार येतो ११,५९,७६३. हा भागाकार तरी काय आहे? ७६१ आणि ७६२ यांच्या गुणाकाराची दुप्पट करून त्यांतून एक काढला कीं तोच! एक अब्ज शहात्तर कोटींचा हा सारा डोलारा ७६१ आणि ७६२ या दोन शेजाऱ्यांच्या खांद्यावर उभा आहे.

तिचा व्यावहारिक उपयोगहि आहे. एकसष्टाचें वर्गमूळ पूर्ण निघत नाहीं. ज्येष्ठाला कनिष्ठानें भागितलें असतां जी किंमत येते ती त्या वर्गमूळाशीं सतरा दशांशस्थळांपर्यंत जुळते. ज्यांचें सारें आयुष्य ग्रहगणितांतील मुळें काढण्यांत गेलें, त्यांना अशा अपूर्णांकाची किंमत वेगळी सांगावयास नको.

भास्कराचार्यांच्या मागें हें ज्ञान लगेच लोपलें नाहीं. खानदेशांत चाळीसगांवाजवळ, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं पाटण येथें एक शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणून इ. स. १८६५ मध्यें त्याची वार्ता विद्वानांपुढें ठेवली. त्यावरून कळतें कीं, भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाळ यानें आपल्या पदरीं नेलें, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवानें आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चें व त्यांच्या इतर ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून पाटणास मठ स्थापिला, आणि इ. स. १२०७ मध्यें त्याला दान मिळालें. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे. पण व्यवहाराचा मजकूर आला कीं भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. गांवांत जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागें मठाला पळीभर तेल द्यावें, असें त्यांत आहे. राजाच्या देणगीइतकीच ही तेल्याची पळीहि त्या ग्रंथाच्या पठनपाठनाला कारण झाली, हें विसरतां येत नाहीं.

पुढें यादवांचें राज्य गेलें आणि मठाचा मागमूस उरला नाहीं, पण पोथी टिकली. गोदावरीकांठच्या पार्थपुरीं सूर्यदासानें इ. स. १५३८ मध्यें ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. त्यानंतर काशींत कृष्ण दैवज्ञानें दुसरी लिहिली, आणि तींत नुसते नियम न सांगतां त्यांच्या उपपत्तीहि दिल्या. इ. स. १६३४ मध्यें अताउल्ला रशीदी यानें ‘बीजगणित’ फारसींत आणून शहाजहानला अर्पण केलें.

यानंतर तेवीस वर्षांनीं हेंच कोडें फ्रान्समध्यें वर आलें. तुलूझच्या न्यायसभेंतील पिएर फर्मा हा अधिकारी फावल्या वेळीं गणित करी, आणि तें असें करी कीं युरोपांतल्या धंदेवाईक गणित्यांनीं त्याच्यापुढें हात टेकावे. इ. स. १६५७ च्या फेब्रुवारींत त्यानें इंग्लंडच्या व इतर देशांच्या गणितज्ञांस हा प्रश्न आव्हान म्हणून पाठविला. आणि आपला मित्र फ्रेनिक्ल याला लिहितांना, फार त्रास पडूं नये म्हणून लहानशाच संख्या घालतों असें मिस्किलपणें म्हणून दोन संख्या दिल्या. त्या दोन संख्या म्हणजे ६१ आणि १०९. पहिली भास्कराचार्यांची. दुसरी तिच्याहून दांडगी; तिचें ज्येष्ठ मूळ पंधरा अंकी आहे. शंभराच्या आंतली सर्वांत अवघड आणि तिला मागें टाकणारी पहिली, अशा या दोन नेमक्या निवडल्यावर ‘फार त्रास पडूं नये’ या शब्दांचा अर्थ सांगावयास नको.

मग फर्माला हें कोडें हिंदुस्थानांतून मिळालें कीं काय? असें म्हणण्याचा मोह अनेकांना झाला आहे. फारसी भाषांतर झालें होतें, फ्रेंच प्रवासी आग्ऱ्यास येत होते, संख्या तर तीच आहे. पण यांतलें कांहींहि पुरावा होत नाहीं. खरें उत्तर सोपें आहे. एकसष्टाची अवघडता कोणा माणसानें ठरविलेली नाहीं. ती त्या संख्येच्या पोटांत आहे. ज्याच्याजवळ रीत आहे असा कोणीहि, कोणत्याहि देशांत, एक-दोन-तीन करीत निघाला कीं त्याला ठेंच एकसष्टापाशींच लागावयाची. पांचशें वर्षांच्या अंतरानें दोघांना एकाच दगडाला ठेंच लागली, तर पहिल्याचा रस्ता दुसऱ्यानें चोरला असें होत नाहीं. दोघेहि खरोखर त्या रस्त्यानें चालले, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. आणि भास्कराचार्यांच्या थोरवीला तेवढें पुरेसें आहे.

इंग्लंडांत लॉर्ड ब्राउंकर यानें रीत काढली आणि ऑक्सफर्डच्या वॉलिसनें ती १६५८ मध्यें छापून प्रसिद्ध केली. फ्रेनिक्लनें १५० पर्यंतच्या संख्यांचीं उत्तरें काढलीं आणि इंग्रजांस ३१३ ही संख्या घातली. ब्राउंकरनें तीहि एक-दोन तासांत सोडविली. त्याची रीत चक्रवालापेक्षां लांब पडते. एकसष्टाला तिच्या पायऱ्या बावीस होतात. पुढें अठराव्या शतकांत ऑयलर या महान् गणितज्ञानें या समीकरणाला जॉन पेल या इंग्रजाचें नांव दिलें. हें बहुधा ब्राउंकर आणि पेल यांच्या नांवांच्या घोंटाळ्यानें झालें असावें, असें सामान्यतः मानतात. पेल विद्वान् होता. पण या समीकरणाची उकल कांहीं त्याची नव्हे. तरी ऑयलरचा शब्द म्हणजे शिक्का. तेव्हांपासून जगभरच्या पुस्तकांत ‘पेलचें समीकरण’ हेंच नांव चालू आहे, आणि आपलीं मुलेंहि कॉलेजांत तेंच घोकतात. ब्रह्मगुप्ताच्या भावनेला त्यावेळीं हजारांहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं.

अशा प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेंच पाहिजे आणि तें रीतीनें सांपडलेंच पाहिजे, हें निर्विवाद सिद्ध केलें लाग्रांजनें, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. येथें आपल्या बाजूनेंहि प्रामाणिकपणें बोललें पाहिजे. भास्कराचार्यांनीं चक्रवाल सांगितलें, चालवून दाखविलें, अवघडांत अवघड संख्येवर घासून पाहिलें. परंतु चाक फिरतां फिरतां शेवटीं क्षेप एकावर येऊन थांबेलच, याची सिद्धता त्यांनीं दिलेली नाहीं. ती लाग्रांजची कामगिरी आहे आणि ती त्याचीच राहील. स्वदेशाभिमानाच्या भरांत तीहि आपल्या पदरांत ओढूं पाहणारे लेखक निघतात, त्यांनीं आपल्याच पूर्वजांच्या खऱ्या श्रेयाला संशयास्पद करून ठेवलें आहे.

लाग्रांज १८१३ च्या एप्रिलांत वारला. त्याच सालीं एडवर्ड स्ट्रेचीचें ‘बीजगणिता’चें इंग्रजी भाषांतर निघालें, तेंहि त्या फारसी प्रतीवरून. मूळ संस्कृतावरून कोलब्रुकचें भाषांतर १८१७ मध्यें लंडनला छापलें गेलें, आणि या भाषांतरांवरून युरोपाला कळलें कीं फर्माची ६१ ही संख्या पूर्वीच कोणी तरी सोडवून ठेवलेली आहे. इ. स. १८७४ मध्यें हांकेल या जर्मन इतिहासकारानें, लाग्रांजच्या पूर्वीं संख्याशास्त्रांत साधलेली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे हिंदूंचें चक्रवाल, असा निर्वाळा दिला. चक्रवाल कधींच फसत नाहीं, याची सिद्धता म्हैसूरचे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनीं १९२९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. (कवि आणि भाषाशास्त्रज्ञ ए. के. रामानुजन् हे त्यांचे चिरंजीव.) या चक्राच्या पायऱ्या इतक्या थोड्या कां पडतात, तिच्यांत अनावश्यक पाऊल कसें पडत नाहीं, याचें विवेचन सेलेनियस यानें १९७५ मध्यें केलें.

तर मग नांव बदलून ‘भास्कराचार्यांचें समीकरण’ म्हणावें काय? खुद्द भास्कराचार्यांनाच तें रुचलें नसतें. ‘बीजगणितां’त ही रीत सांगतांना त्यांनीं ती स्वतःची म्हणून सांगितलेली नाहीं, हिला चक्रवाल असें म्हणतात, एवढेंच म्हटलें आहे. म्हणतात ते कोण? ग्रंथाच्या शेवटीं ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांच्या बीजगणितांचा उल्लेख आहे. पण ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथांत चक्रवाल नाहीं. आचार्यांच्या त्या एका क्रियापदाचा कर्ता आठशें वर्षें अज्ञात होता.

तो इ. स. १९५४ मध्यें उजेडांत आला. लखनौचे पंडित कृपाशंकर शुक्ल हे उदयदिवाकर नांवाच्या टीकाकाराची ‘सुंदरी’ ही टीका तपासीत होते. ही टीका इ. स. १०७३ ची, म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वीं एकेचाळीस वर्षें लिहिलेली. तींत वर्गप्रकृतीवरचे वीस श्लोक उद्धृत केलेले त्यांना आढळले, आणि त्या श्लोकांत चक्रवालाची रीत सांगोपांग होती. श्लोकांचा कर्ता म्हणून उदयदिवाकरानें आचार्य जयदेव हें नांव दिलें आहे. ‘गीतगोविंद’कार जयदेव तो हा नव्हे, तो कवि शंभरावर वर्षांनीं मागाहूनचा. या गणिती जयदेवाचा गांव, गुरु, नेमका काळ यांतलें कांहींहि कळलेलें नाहीं. त्याचा मूळ ग्रंथहि सांपडलेला नाहीं. दुसऱ्याच्या टीकेंत राहिलेले ते वीस श्लोक एवढेच काय ते शिल्लक आहेत.